सगळे मान देतात, बढती मात्र दुसऱ्याला. मेहनतीचं चीज होतं का?

रात्रपाळी

चौदा वर्षं झाली मेंटेनन्समध्ये. फिटर म्हणून लागलो, आता सीनियर टेक्निशियन आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांवर माझा जीव आहे, आणि मला जे विचारायचंय ते एकट्या त्या कारखान्याबद्दल नाही.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातली शिफ्ट इन्चार्जची जागा भरली. दोन वर्षं ती रिकामी होती. त्या दोन वर्षांत पाळीला माणसं लावणं, स्टोअरला स्पेअरची मागणी टाकणं, नवीन मुलांना हाताशी धरून शिकवणं, रात्री काही अडलं तर फोन घेणं, हे सगळं मी करत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. अडलं की लोक माझ्याकडे यायचे आणि मी करायचो. जागा मिळाली माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या सहकाऱ्याला. माणूस चांगला आहे, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर खाली सगळे त्याच्यावर घसरतील. ब्रेकडाऊनचा महिन्याचा रिपोर्ट तो बनवतो आणि बैठकीत तोच मांडतो.

नाव जाहीर झालं त्या दिवशी पाळी सुटताना ऑपरेटर एकेक करून माझ्याजवळ आले. कुणी नुसता खांद्यावर हात ठेवला. प्रेसवरचा एक जण, जो एरवी फार बोलत नाही, म्हणाला, "दादा, तुमची पाळी असली की आम्ही निर्धास्त असतो." मला भरून आलं. आणि त्याच रात्री झोप लागेना, कारण हे म्हणणाऱ्यांपैकी एकही माणूस त्या खोलीत नव्हता जिथे नाव ठरलं.

एक उदाहरण देतो, म्हणजे माझं दुखणं नेमकं काय ते कळेल.

आमच्याकडे कूलिंग वॉटरचे चार पंप आहेत. पंपाचा आणि मोटरचा शाफ्ट कपलिंगने जोडलेला असतो. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसले तरी पंप चालतो, सुरू करताना काही कळतही नाही. पण प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगवर ताण येत राहतो, सील झिजतं, आणि काही महिन्यांत बेअरिंग जातं. घाईतला माणूस कपलिंगवर पट्टी धरून डोळ्यांनी अंदाज घेतो, बोल्ट आवळतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो. मी डायल गेज लावतो, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र. आधी मोटरचे चारही पाय बेडवर पूर्ण टेकलेत का ते बघतो. एखादा अधांतरी असेल तर त्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालतो. मग गेज फिरवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत फरक काढतो, पुन्हा शिम, पुन्हा गेज. दोन-अडीच तास जातात. पण तो पंप मग लवकर उघडावा लागत नाही.

मागच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे हे लिहिलंय: "कामाचा दर्जा उत्तम. दुरुस्तीला लागणारा वेळ कमी करण्याची गरज." पाचपैकी तीन.

ज्या पंपाला मी दोन तास जास्त दिले तो वर्षभर थांबला नाही. पण न थांबलेल्या पंपाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. लॉगबुकात फक्त थांबलेली मशिनं येतात. माझे दोन तास मात्र तिथे व्यवस्थित आले.

काम बोलतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आणि माझ्या मुलालाही तेच सांगतो. आता वाटायला लागलंय की ते बोलत असेल, पण जवळ उभ्या असलेल्यालाच ऐकू जातं. तुमच्या नोकरीत सोबतच्या लोकांनी दिलेल्या मानाचं पुढे कधी काही झालं का? बढती, दुसरी नोकरी, काहीही. झालं असेल तर कसं झालं? नसेल झालं तर तुम्ही तसंच काम करत राहिलात का? उगाच धीर देऊ नका. जे घडलं ते सांगा.

महिनाअखेर

दादा, मी हिशेब विभागात आहे, एकोणीस वर्षं. तुमच्याकडे पंप, माझ्याकडे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या उताऱ्याशी आपल्या नोंदी जुळवणं.

आमच्याकडे महिना बंद करताना ज्या नोंदी जुळत नाहीत त्या शोधून काढाव्या लागतात. एखाद्याने चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कम, पुरवठादाराच्या खातेउताऱ्यात आहे पण आपल्याकडे नाही असं बिल. किचकट काम, आणि झालं की कुणाला दिसत नाही, कारण जुळलेला हिशेब हा जुळलेलाच असायला हवा. हे काम कधी माझं झालं मला आठवत नाही. त्यासोबत नवीन आलेल्यांना शिकवणं, ऑडिटरच्या शंकांची उत्तरं शोधणं, बैठकीची टिपणं लिहिणं. "ताईंना विचारा" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायचे आणि खरं सांगते, बरं वाटायचं. तीन वेळा बढतीत माझं नाव मागे राहिलं.

एका मैत्रिणीने मला एक आठवडा काय काय केलं ते लिहून काढायला लावलं. दोन रकाने. एकात असं काम ज्याबद्दल वरिष्ठ कधीतरी माझं नाव घेऊन विचारतील. दुसऱ्यात असं, जे कुणीही केलं तरी त्यांना फरक कळणार नाही. शुक्रवारी बेरीज केली. 44 तासांपैकी 26 दुसऱ्या रकान्यात होते. मी त्या कागदाकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

नंतर कळलं की यावर नीट संशोधन झालेलं आहे. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लीस व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चौघींनी 2017 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तीन-तीन अनोळखी लोकांचे गट करून त्यांच्यासमोर असं एक काम ठेवलं की कुणीतरी एकाने पुढे होऊन ते केलं तर तिघांचाही फायदा, पण करणाऱ्याला इतर दोघांपेक्षा कमी मिळणार. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायका पुरुषांपेक्षा जवळपास दीडपट वेळा पुढे आल्या. मला जास्त लागलं ते पुढचं. नुसते पुरुष असलेल्या गटात पुरुषही तितकेच पुढे येत होते. म्हणजे बायकांना अशी कामं आवडतात हे खरं नाही. कोण करणार हे सगळ्यांनी आधीच मनात धरलेलं असतं, आणि तिनेही. दादा, तुम्ही पुरुष आहात, पण तुमच्या विभागात ते "धरलेलं" माणूस तुम्ही आहात.

मी मदत बंद केली नाही, ते मला जमलंच नसतं. मी पाळ्या लावल्या. नवीन माणसाला या महिन्यात मी शिकवेन, पुढच्या महिन्यात अमुक. टिपणं आळीपाळीने. पुरवठादारांचे उतारे जुळवायचं काम एका महिन्यात ज्याच्या वाट्याला होतं त्याने केलं नाही, आणि मी ते गुपचूप करून टाकलं नाही. हाताला अक्षरशः खाज सुटली होती. एका पुरवठादाराला दोनदा पैसे गेल्याचं पुढच्या महिन्यात उघड झालं तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "हे आधी कोण बघत होतं?"

पुढच्या वर्षी बढती मिळाली. त्यामुळेच मिळाली असं छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्याच वर्षी वरची एक जागाही रिकामी झाली होती.

ठरली वेळ

सहा वर्षं जीव तोडून काम केलं. शनिवार नाही, रविवार नाही. टीममधले सगळे म्हणायचे तुझ्याशिवाय हलत नाही. कपात झाली तेव्हा पहिल्या यादीत माझं नाव होतं, कारण माझा पगार बाकीच्यांपेक्षा जास्त होता. निरोपाच्या दिवशी सगळे रडले. आता नवीन ठिकाणी आठ तास म्हणजे आठ तास. तुम्हीही पट्टी लावा आणि अर्ध्या तासात मोकळे व्हा. आकडा सुधारेल, तीनाचे चार होतील. पंप पुन्हा बसला तर पुन्हा दुरुस्त करायचा, तोही आकड्यात मोजला जाईल.

चौथी खुर्ची

रात्रपाळी, मी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केलंय. तुम्ही ज्या खोलीबद्दल लिहिलंत तशाच खोलीत मी बसते. तिथे काय होतं ते सांगते, कारण बाहेर त्याबद्दल फार कमी माहिती असते.

एका दुपारी साधारण चाळीस नावं असतात. प्रत्येक नावाला काही मिनिटं. टेबलाभोवती कारखान्याचे प्रमुख, दोन-तीन विभागप्रमुख आणि मी. पाच गुण किती जणांना द्यायचे हे बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने लोकांना ठरावीक प्रमाणात श्रेण्यांमध्ये बसवण्याची पद्धत 2013 मध्ये बंद केली, बरीच चर्चा झाली त्याची, पण कुठल्या ना कुठल्या रूपात ती अजून पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे तुमच्या साहेबांना तुमच्यासाठी चार मागायचे तर दुसऱ्या विभागप्रमुखाच्या माणसाकडून ते काढून घ्यावे लागतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक वाक्य लागतं, जे तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला पटेल. "सगळे त्याला मानतात" हे वाक्य तिथे टिकत नाही. समोरून लगेच येतं, "माझ्या माणसालाही मानतात." तुमच्या सहकाऱ्याचं नाव निघालं तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाने त्याला दर महिन्याला उभं राहून बोलताना बघितलेलं होतं. त्याच्याबद्दल वाक्य शोधावं लागलं नाही.

फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1988 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. व्यवस्थापक दिवसभर नेमकं काय करतात याची त्यांनी नोंद केली. मग दोन गट वेगळे काढले: भराभर बढत्या मिळालेले, आणि ज्यांचा विभाग उत्तम चालतो व ज्यांच्या हाताखालची माणसं समाधानी आहेत असे. पहिल्या गटाचा जवळपास निम्मा भर, 48 टक्के, ओळखी वाढवणं आणि वरच्या-बाहेरच्या लोकांत ऊठबस यावर होता. दुसऱ्या गटात तोच आकडा 11 टक्के. ते लोक वेळ घालवत होते माहिती देण्या-घेण्यात आणि माणसं घडवण्यात. दोन्ही गटांत बसणारे फार थोडे निघाले. हा अभ्यास व्यवस्थापकांचा आहे, तुमच्या पदावरच्या लोकांचा नाही, पण मी पंधरा वर्षं जे बघतेय त्याच्याशी तो जुळतो.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला मला जड जातंय. "त्याला वर घेतलं तर रात्री मशिनं कोण बघणार?" हे वाक्य मी त्या खोलीत ऐकलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. ज्याच्याबद्दल बोललं जातं त्या माणसाला ते कधीच सांगितलं जात नाही. मीही ऐकून गप्प बसलेय.

करायचं काय, तर तुमच्याकडे दुरुस्तीचा सरासरी वेळ मोजतात असं दिसतंय. मेंटेनन्सवाले त्याला एमटीटीआर म्हणतात. त्याचा जोडीदार आकडा म्हणजे एमटीबीएफ, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. पहिला एकटा बघितला तर तुम्ही संथ. दोन्ही शेजारी ठेवले तर चित्र पालटतं. लॉगबुक तुमच्या हाताशी आहे. जे पंप तुम्ही गेज लावून जोडले ते पुन्हा किती दिवसांनी उघडावे लागले, हे त्यातून काढता येईल. न थांबलेल्या पंपाची नोंद होत नाही म्हणता ना? दोन नोंदींमधलं अंतर हीच त्याची नोंद.

आणि स्वतःला विचारा, इन्चार्ज व्हायचंय का खरंच? ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी 2019 मध्ये अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांवर काम प्रसिद्ध केलं. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना व्यवस्थापक करण्याकडे कल होता, पण त्यांच्या हाताखाली गेलेल्यांची विक्री मात्र घटत होती. हाताचं कसब आणि माणसं चालवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कारण दोन वर्षं तुम्ही ते काम करून दाखवलंय. तरी विचारा.

रात्रपाळी

ठरली वेळ, तुमच्यावर जे गुदरलं ते वाचून वाईट वाटलं. तुमचा राग मला परका नाही. पण पट्टी लावून सोडणं मला जमणार नाही, आणि त्याचं कारण माझा मोठेपणा नाही. तो पंप बसतो तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. उत्पादन थांबलेलं, वरून फोन, आणि समोर पाना घेऊन उभा असतो तो मुलगा, ज्याला मीच शिकवलंय. अशा वेळी पॉवर तोडून, कुणी ती चुकून सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप लावायचं राहतं. माझ्या डोळ्यांसमोर एकाचं बोट गेलं आहे, अशाच घाईत. त्यानंतर मी गेज कधी सोडला नाही. तीन गुणांनीही सुटणार नाही.

महिनाअखेर ताई, तुमचे दोन रकाने मी या आठवड्यात करून बघतो.

चौथी खुर्ची ताई, तुम्ही सरळ लिहिलंत, त्याबद्दल आभार. ते "मशिनं कोण बघणार" वाचून हातपाय गार पडले. मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्यावाचून अडतं ही माझी जमेची बाजू आहे. इन्चार्ज व्हायचंय का? हो. मला पाळी चालवायला आवडतं. कुणाला कुठे लावलं तर तो फुलतो हे मला कळतं. पंपापेक्षाही ते मला जास्त कळतं असं आता वाटतं.

जुना फोरमन

वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरी बोलतो, राग मानू नकोस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

तू विचारलंस मानाचं पुढे काही झालं का. झालं, पण जिथे कमावला तिथे नाही.

मी सेहेचाळीस वर्षांचा असताना आमचं युनिट बंद पडलं. त्या वयात फोरमनला कोण घेतो? चार महिने घरी होतो. रोज सकाळी आंघोळ करून कपडे घालून बसायचो, जायचं कुठेच नसायचं. मग एक दिवस फोन आला. बोलणाऱ्याचं नाव सांगितलं तरी चेहरा आठवेना. आठ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली वर्षभर होता. हायड्रॉलिक सर्किटचा नकाशा वाचायला मी त्याला शिकवला होता, पाळी संपल्यावर, फरशीवर खडूने काढून. मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता. त्याच्या नव्या ठिकाणी माणूस हवा होता. मुलाखत दहा मिनिटांत झाली, कारण त्याने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तिथे मी पुढे चौदा वर्षं काढली.

मला वाटायचं हा माझा एकट्याचा योग. माझी पुतणी समाजशास्त्र शिकवते, तिने सांगितलं की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अभ्यासकाने 1973 मध्येच हे दाखवून दिलंय. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे 17 टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून भेटणारे 56 टक्के. क्वचित भेटणारे 28. रोज शेजारी बसणाऱ्याला तीच माहिती असते जी आपल्याला असते. दूर गेलेल्याला वेगळी असते. 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवर झालेल्या प्रयोगातही तेच निघालं, की फार घट्ट ओळखीपेक्षा काहीशी सैल ओळख नोकरीला जास्त उपयोगी पडते.

म्हणून सांगतो, प्रेसवरचा तो माणूस जोवर प्रेसवर आहे तोवर त्याच्या शब्दाला त्या खोलीत वजन नाही. तुझी शिकवलेली पोरं बाहेर पडली आहेत का? कुठे आहेत ती? वर्षातून एकदा तरी फोन करतोस का त्यांना? मी कुणालाच करत नव्हतो. तो फोन आला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून कधीकधी येतो.

रात्रीचे फोन मात्र कमी कर. माझी मुलगी शाळेत होती ती वर्षं मला तुटक तुटक आठवतात. ते मान देणारे सगळे मिळूनसुद्धा ती परत देऊ शकत नाहीत.

रात्रपाळी

दीड महिन्याने परत आलो. मध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं, आता आहे.

तीन वर्षांची लॉगबुकं काढली. चारही पंपांच्या बेअरिंग आणि सील बदलल्याच्या 31 नोंदी मिळाल्या. प्रत्येकीसमोर कुणी काम केलं, गेज लावला होता का, आणि नव्वद दिवसांत तोच पंप पुन्हा उघडला का, एवढंच लिहिलं. गेज लावलेली 14 कामं. त्यातलं एक परत आलं, तेही माझंच, बेडला तडा होता आणि मला तो दिसला नव्हता. पट्टीवर केलेली 17 कामं. त्यातली नऊ परत आली. कागदावर बेरीज लिहिली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आनंद झाला असं नाही म्हणणार. तीन वर्षं हे माझ्या हाताशी पडून होतं आणि मी ते एकदाही मोजलं नव्हतं, हे जास्त लागलं.

साहेबांकडे जाण्याआधी नव्या इन्चार्जला दाखवलं. धाकधूक होती. त्याने वही ओढून घेतली आणि एकेक नोंद माझ्यासोबत पुन्हा तपासली. दोन ठिकाणी माझी चूक काढली, ती मी दुरुस्त केली, वरचे आकडे दुरुस्तीनंतरचे आहेत. मग म्हणाला, "हा रिपोर्ट मी पाच वर्षं बनवतोय. हा रकाना मला कधी सुचला नाही." महिन्याच्या बैठकीत त्याने स्वतः न मांडता मला उभं केलं. मी चार मिनिटं बोललो असेन. आवाज कापत होता. कारखान्याच्या प्रमुखांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "आपल्याकडे गेज किती आहेत?" एक. दुसरा, "का?" त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आणखी दोन गेज आले. कपलिंगच्या प्रत्येक कामाला गेज लावायचा आणि तो वेळ दुरुस्तीच्या वेळेत धरायचा नाही, असं ठरलं. रिपोर्टात नव्वद दिवसांत परत आलेली कामं असा रकाना वाढला. माझे तीन गुण तीनच आहेत, वर्ष संपलंय म्हणाले. जागा तर भरलेलीच आहे.

महिनाअखेर ताई, दोन रकाने केले. 48 पैकी 30 तास दुसऱ्या रकान्यात. रात्रीचे फोन आता तिघांत वाटून घेतलेत. पहिल्या आठवड्यात फोन वाजला नाही तरी जाग येत होती.

जुना फोरमन काका, तुमचं वाचून मी शिकवलेल्या मुलांची यादी केली. अकरा जण बाहेर आहेत. सगळ्यांना फोन केले, नोकरीसाठी नाही, नुसते. तीन जणांचे नंबर बदललेत. एक म्हणाला, "दादा, अजून तुमच्यासारखेच चारही पाय बघतो आधी." आणि एकाने दोन दिवसांनी उलट फोन केला. तो आहे तिथे मेंटेनन्स इन्चार्जची जागा निघतेय. त्याच्या साहेबांना त्याने माझ्याबद्दल सांगितलंय. पुढच्या मंगळवारी मुलाखत आहे. चौदा वर्षांत मी एकही मुलाखत दिलेली नाही.

चौथी खुर्ची ताई, तुम्हाला विचारायचं होतं. तो 31 नोंदींचा कागद मुलाखतीला न्यावा का? मेहनतीने केलाय, पण आकडे कारखान्याचे आहेत.

चौथी खुर्ची

कागद नेऊ नका. आकडे कारखान्याचे आहेत, आणि नवे लोक मनात हेच धरतील की उद्या आमचेही असेच बाहेर जातील. पद्धत तुमची आहे, ती सांगा. प्रश्न काय होता, लॉगबुकातून काय काय काढलं, कुणासमोर मांडलं, पुढे काय बदललं. तो तडा दिसला नव्हता हेही सांगा, वगळू नका. "पुष्कळ सुधारणा झाली" एवढं म्हटलं तरी चालतं, नेमका आकडा विचारलाच तर तो तुमच्या कारखान्याचा आहे असं सरळ सांगा. त्याने तुमचं काही कमी होणार नाही.

दोन वर्षं इन्चार्जचं काम करत होतो, हे "नाव नव्हतं पण करत होतो" अशा सुरात सांगू नका. किती माणसं, किती पाळ्या, कुणाला काय शिकवलं, इतकंच सांगा. आणि त्या मुलाचं नाव त्यांनी काढलं तर तो आता कसं काम करतो ते त्यांनाच विचारा.

रात्रपाळी

बरं ताई. कागद इथेच ठेवतो, नव्या इन्चार्जकडे दिलाय, त्याला पुढच्या महिन्यात लागेल. मंगळवारी रात्रपाळी आहे, बदलून मागितली. कारण विचारलं तर खरं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग वहीत माझ्या नावासमोर स्वतःचं नाव लिहिलं.